सोपाऱ्याचे बंदर आणि लंडनच्या कालव्यातली घरे

नालासोपारा स्टेशनला पश्चिमेकडे उतरून स्तूपाच्या दर्शनाला जाणाऱ्या पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रिक्षा सोपारा गावात शिरते, 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात ती जागा येते, वंदना होते, आणि मग कुणीतरी चारी बाजूंना पाहून विचारतो, "अहो, हे बंदर होते ना? मग समुद्र कुठे आहे?"

आम्ही इथले रहिवासी, त्यामुळे उत्तर आम्हालाच द्यावे लागते. समुद्र आहे तिथेच आहे, खाडी मात्र गाळाने भरत आली. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, आणि मधल्या फाट्यांतून गलबते थेट शूर्पारक नगरीला लागत. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या सागरी वाटाड्यातही या बंदराचे नाव आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला तो १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला दीक्षा दिली त्याच वर्षी. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहली काढत. आपण त्या सोडून धम्मयात्रा सुरू केली. सहलीला निघालेल्या माणसाने हा लेख जरूर ध्यानात ठेवावा.

सोपाऱ्याचा पूर्ण हा आपल्या मुलांना सांगण्यासारखा माणूस. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात त्याची कथा आहे. तो दासीच्या पोटी जन्मला. बापाच्या मृत्यूनंतर घरात त्याचा वाटा नाकारला गेला. पुढे मोळी वाहणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावरच्या लाकडांत त्याने चंदन ओळखले आणि त्यावर व्यापार उभा केला. समुद्राच्या सफरी केल्या. एका सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकले आणि तो भिक्खू झाला. नंतर त्याचा भाऊ चंदन आणायला गेला असता गलबत वादळात सापडले, तेही पूर्णामुळे वाचले. त्या चंदनाचा पैसा न करता सोपाऱ्यात बुद्धासाठी विहार बांधला, असे कथा सांगते. कथा आहे, तिला कथाच म्हणावे. पण गलबतातून उतरलेल्या लाकडाचे घर होते, ही कल्पना या मातीतली आहे एवढे खरे.

मग खुद्द नावेचेच घर करता येईल का? हा विचार आम्हाला वसईच्या पाचूबंदरला सुचला नाही, जरी तिथे आम्ही कितीदा तरी गेलो आहोत. कोळी बांधव दूरच्या मासेमारीला जातात तेव्हा बोट हेच त्यांचे काही दिवसांचे घर असते. तिच्यावरच चूल, पाण्याची पिंपे, बर्फ, आणि जाळ्यांच्या ढिगाशेजारी पथारी. पण ते कामाचे बिऱ्हाड झाले. बायको-मुले, शाळेचे दप्तर, वाळत घातलेले कपडे असे संसाराचे घर पाण्यावर आम्ही पाहिले ते लंडनला.

पुतणी तिकडे नर्स आहे. तिच्याकडे गेलो होतो, ते मुख्यतः १० किंग हेन्रीज रोड पाहायला. अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी बाबासाहेब १९२१-२२ साली या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. पुढे तिथल्या स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली. राहत्या घराचे संग्रहालय केले तर वस्तीतले एक घर कमी होते, असे तिचे म्हणणे. अपील झाले आणि २०२० च्या मार्चमध्ये स्मारकाला परवानगी मिळाली. आम्हाला त्या हरकतीचा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. पण घर कमी होऊ नये म्हणून भांडणारे सरकारी खाते असते, याचे नवलही वाटले.

त्या घरापासून प्रिमरोज हिलची टेकडी उतरले की थोड्याच वेळात रीजंट्स कॅनॉल लागतो. हा कालवा १८२० साली पूर्ण झाला. काठाने जी पायवाट आहे तिच्यावरून पूर्वी घोडे दोराने होड्या ओढत. आज त्याच पाण्यात ओळीने होड्या बांधलेल्या दिसतात आणि त्यांच्या धुराड्यांतून धूर निघतो. या होड्यांना नॅरोबोट म्हणतात. रुंदी साधारण सात फूट, कारण तिकडच्या अनेक कालव्यांवरचे पाण्याचे दरवाजेच तेवढे अरुंद बांधले गेले. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. आगगाडीचा एखादा डबा पाण्यात सोडावा तसा आकार.

पुतणीच्या ओळखीचे एक कुटुंब अशा होडीत राहते. नवरा बस चालवतो, बायको शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दोघांच्या पगारात लंडनचे घरभाडे झेपेना, म्हणून त्यांनी सहलीला भाड्याने दिली जाणारी एक जुनी बोट विकत घेतली आणि सवडीने तिचे घर केले. चहा घेता घेता त्यांनी सारे काम दाखवले. आमच्या वाचकांत सुतार, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन पुष्कळ आहेत, म्हणून जरा तपशिलाने सांगतो.

आधी बोट पाण्याबाहेर काढायची. वरचा रंग पाहून फसू नये, तळ पाहावा. यंत्राने पोलादी पत्र्याची जाडी जागोजागी मोजतात. जिथे गंजाने पत्रा पातळ झाला असेल तिथे नवा जोडतात. मग डांबरासारखा काळा लेप, तोही दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. पाण्याखाली मॅग्नेशियमचे ठोकळे बसवतात. गंज आधी त्यांना खातो आणि बोटीचा पत्रा वाचतो. आपल्या पाचूबंदरला सुतार लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर तेल-राळ भरतो, त्या कामाचाच हा पोलादी भाऊ.

मग आतले काम. भाड्याच्या बोटीत खाटा जास्त आणि कपाटे कमी. आठवड्यासाठी सहा-आठ माणसे यायची, त्यांना झोपायला जागा हवी, धान्य साठवायला नको. घराचे गणित उलटे. या जोडप्याने जादा खाटा उखडल्या. एका जागी स्वयंपाकाचा ओटा लांबवला, दुसरीकडे मुलीसाठी छोटी खोली काढली. त्या खोलीत पलंगाच्या आधी टेबल बसवले, कारण मुलगी दहावीच्या वयाची.

थंडीत पोलादी पत्र्याला आतून घाम येतो, भिंती ओल्या होतात, अंथरूण कुबट होते. म्हणून लाकडी तक्ते काढून पत्रा आणि तक्ता यांच्यामध्ये फोमचा थर भरावा लागतो. कोळसा-लाकडाची लोखंडी शेगडी एका टोकाला. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या बंद असल्या तरी झरोके उघडेच ठेवायचे, आणि विषारी वायू झाला तर कर्कश वाजणारी घंटा छताला. गॅसचे सिलिंडर खोलीत नसते. नाळेकडच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याला बाहेर उघडणारे भोक असते, म्हणजे गळलेला गॅस आत साचत नाही. दर चार वर्षांनी या सगळ्याची तपासणी होऊन दाखला मिळतो. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी पेटवून निजणारी माणसे दगावतात. ही घंटा आणि हे झरोके आपल्या खोल्यांनाही हवेत.

पाणी टाकीत भरून आणायचे, काठावर नळ असतात. संडासाची टाकी स्वतः वाहून ठरलेल्या जागी रिकामी करायची. कुणाला ठेका देऊन आपले हात कोरडे ठेवता येत नाहीत. नवरा हे काम करतो आणि लगेच येऊन, हात धुऊन, आम्हाला चहा देतो! आम्ही एकमेकांकडे पाहिले. आपल्या देशात या एका कामावरून माणसांच्या किती पिढ्या गावकुसाबाहेर राहिल्या, ते त्या भल्या माणसाला काय ठाऊक असणार?

एवढे ऐकून ही मौज वाटेल. पण या होड्यांचा जुना इतिहास मौजेचा नाही. आगगाडी आली तसे कालव्याच्या मालवाहतुकीचे भाडे पडले. नावाड्यांना काठावरचे भाड्याचे घर परवडेना. त्यांनी बायका-मुलांना बोटीवर घेतले, म्हणजे राहायची सोय झाली आणि फुकटचे मजूरही मिळाले. मालाला साठ फूट आणि माणसांना मागची केबिन, साधारण दहा फूट बाय सात फूट. दिवसा कपाटाचे दार पाडून टेबल, रात्री दुसरे दार पाडून पलंग. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोलीही तिच्यापेक्षा मोठी. मुले घोड्यामागे चालत, दरवाजे ढकलत. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने, जो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबला होता, या मुलांसाठी रान उठवले. १८७७ आणि १८८४ सालच्या कायद्यांनी अशा बोटींची घर म्हणून नोंद करणे, किती माणसांनी राहावे ते ठरवणे आणि मुलांना शाळेशी जोडणे सुरू झाले. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर हंगामी आलेल्या मुलांची शाळा आजही बुडते, त्यामुळे जॉर्ज स्मिथ आम्हाला परका वाटला नाही.

आज तिथली अडचण पत्त्याची आहे. ज्यांच्याकडे बोट बांधायची कायम जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारणपणे चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. आज इथे, पंधरवड्याने तिथे. शाळा, दवाखाना, बँक सगळे पत्ता मागतात. म्हणून या जोडप्याने पोटाला चिमटा घेऊन कायम जागेचे भाडे भरले. घराची भिंत सहा मिलिमीटरची, पण कागद पक्का.

आमच्या नालासोपाऱ्यात नेमके उलटे. भिंत विटा-सिमेंटची आणि कागद कच्चा. पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. घरे घेणारे तुमच्या-आमच्यासारखे कष्टकरी, कुणी दागिने मोडून, कुणी गावची जमीन विकून आलेले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या. बांधणारे आणि विकणारे घरे सोडून गेले नाहीत, राहणारे गेले. घर घेताना फरशी आणि रंग पाहण्याआधी जमिनीचा सात-बारा आणि मंजूर नकाशा पाहावा, तोही दलालाने दाखवलेला नव्हे, कार्यालयातून स्वतः काढलेला. बोटीचा तळ पाहतात तसा.

"मग आपणही खाडीत बोट घेऊन राहू या का?" असे आमच्या महिला मंडळात एकीने विचारले. हसू नये, प्रश्न रास्त आहे. जुलै २०१८ मध्ये रेल्वेरुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या, आणि पावसाळ्यात तळमजल्याची आमची घरे तशीही न विचारता होड्या होतातच. पण कालव्याचे पाणी दरवाज्यांनी कोंडलेले, जागच्या जागी. वसईच्या खाडीत उधाणाला दीड-दोन पुरुष पाणी चढते-उतरते. ओहोटीला होडी चिखलात कलंडेल आणि ओट्यावरचे दूध सांडेल. खाऱ्या पाण्याने पत्राही लवकर खाईल. खाडीतल्या पाणजू बेटावरचे लोक होडीने ये-जा करतात, पण राहतात जमिनीवर, ते उगीच नाही.

त्या बोटीत आणखी एक गोष्ट आम्ही विचारून घेतली. केबिनच्या भिंती वरच्या बाजूला आत झुकलेल्या असतात, त्यामुळे खिळ्याला लावलेली तसबीर भिंतीला टेकत नाही, लोंबकळते. त्यांनी तसबिरींना खालूनही पट्टी ठोकली होती. पुतणीने त्यांना बाबासाहेबांचा छोटा फोटो भेट दिला, तो मुलीच्या टेबलावर तशाच पट्टीत बसला आहे.

आमच्याकडे सहकुटुंब यायचे असेल तर सकाळी आधी स्तूप करा, ऊन चढायच्या आत. नंतर वसईला किल्ला पाहून किल्ल्याजवळच्या जेट्टीवर जा. २०२४ च्या फेब्रुवारीत इथून भाईंदरला वाहने आणि माणसे नेणारी रो-रो फेरी सुरू झाली. वेळा आधी विचारून घ्या, मुलांना खाडी दाखवायला याहून चांगले साधन नाही. जून-जुलैत आलात तर मासेमारी बंद असते आणि पाचूबंदरच्या होड्या काठावर ओढलेल्या असतात. फायबरच्या वाढल्या आहेत, पण लाकडी होडीवर काम करणारा सुतार अजून भेटतो. होडीवर चढायच्या आधी तांडेलला विचारा, आणि डबा घरून आणा.