जिताडा उर्फ बारामुंडी

पनवेलमध्ये वाढलेल्या माणसाला ‘मासे खायला बाहेर जाऊ’ हे वाक्य जरा खटकतं. मासे आणायला बाहेर जायचं असतं, खायचे घरीच. बाजारात जायचं, कल्ले उघडून लाली बघायची, पोटावर बोट दाबून बघायचं, कोळणीशी भावावरून हुज्जत घालायची आणि पिशवीतून पाणी ठिबकत घरी यायचं. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे. हॉटेलात गेलो की आम्ही चिकन मागवतो, कारण बाहेरचा मासा कधीचा असेल याची आईला खात्री नसते आणि आईला खात्री नसलेला मासा आमच्या घरात कुणी खात नाही.

यंदा बाबांची साठी झाली. हॉल नको, केक नको, भाषणं तर नकोतच, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग मी त्या दोघांना मुंबईतल्या एका हवाईयन फ्यूजन सीफूड रेस्तराँमध्ये न्यायचं ठरवलं. ऑफिसच्या टीमबरोबर तिथे एकदा जेवलो होतो. अटल सेतूवरून गेलो. पुलाच्या 21.8 किलोमीटरपैकी साडेसोळा समुद्रावर. ओहोटी होती. मी पुलाकडे बघत होतो, बाबा खालच्या चिखलाकडे.

मेन्यूकार्ड हातात आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, ‘कच्चा?’ ‘पोके’च्या पुढे लिहिलेलं मी वाचून दाखवत होतो. पोके म्हणजे हवाईच्या भाषेत कापणं, तुकडे करणं. कोळ्यांचंच खाणं ते. पकडलेल्या माशाचे तुकडे, मीठ, समुद्रातलं शेवाळ आणि भाजून कुटलेलं जंगली अक्रोड. पुढे उसाच्या मळ्यांवर राबायला जपानी, चिनी, कोरियन मजूर आले. जपानी मजुरांची पहिली खेप 1868 सालची. त्यांच्याबरोबर सोया सॉस आणि तिळाचं तेल आलं आणि पोकेत जाऊन बसलं. म्हणजे फ्यूजन हा शब्द मेन्यूकार्डावर येण्याच्या कितीतरी आधी ते मजुरांच्या डब्यात झालं होतं. हॉटेलांना मात्र त्याचं अप्रूप फार उशिरा. तिथली मोठी हॉटेलं बाहेरून आणलेल्या सामानावर युरोपीय पद्धतीचा स्वयंपाक करत. 1991 साली रॉय यामागुची, सॅम चॉय, ॲलन वाँग असे 12 शेफ एकत्र आले आणि इथलाच मासा, इथल्याच शेतातला माल वापरायचा असं त्यांनी ठरवलं. त्याला नाव पडलं ‘हवाई रीजनल कुझीन’.

पोकेतला मासा होता ट्यूना, म्हणजे आपला कुपा. आईने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, ‘मासा ताजा हाय.’ आईकडून याहून मोठी पावती मिळत नाही. ‘पण कुप्याचे एवढे पैसे?’ हेही लगेच आलंच. आमच्या घरात पापलेट, सुरमई, रावस यांच्या पंगतीत कुप्याला कधी जागा नव्हती.

मग मुख्य डिश आली. वाढणाऱ्या मुलाने प्लेट ठेवली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, की हा बारामुंडी आहे, मिसो आणि अननसाच्या ग्लेझमध्ये, खाली नारळाच्या दुधातला भात. बाबांनी काट्याने कातडी थोडी उचलली, मांसाचा पापुद्रा सोडवून बघितला आणि मोठ्याने म्हणाले, ‘यो तर जितारा!’

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही आगरी. घरात ‘ड’चा ‘र’ होतो. घोडा घोरा, कोंबडी कोंबरी, जिताडा जितारा. बाबा घराबाहेर असं बोलत नाहीत. बँकेत, माझ्या कॉलेजात, डॉक्टरांसमोर ते शब्द मोजून, पुस्तकातली मराठी बोलतात आणि त्यामुळे कमीच बोलतात. मीही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात हॉस्टेलवर ‘ड’ म्हणायला शिकलो आणि आता तो आपोआप येतो. एवढ्या महागड्या जागी बाबांच्या तोंडून तो ‘र’ निघेल असं मला वाटलं नव्हतं. मासा ओळखीचा निघाला, एवढंच झालं असावं.

मुलाने विचारलं, ‘जितारा म्हणजे, सर?’ आणि बाबा सांगायला लागले.

बारामुंडी हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला. मोठ्या खवल्यांचा मासा, असा त्याचा अर्थ. आमच्या रायगडात तोच जिताडा. समुद्रात आणि खाडीत दोन्हीकडे जगतो. साहेबाकडे अडलेलं काम जिताडा पोचवला की सुटतं, असं इकडे गमतीने म्हणतात. आमच्या कामात एकाच गोष्टीला दोन ठिकाणी दोन नावं पडली की गोंधळ ठरलेला. इथे एका नावाला किलोचा भाव होता आणि दुसऱ्याला प्लेटचा.

आजोबांचं खाडीकाठी तळं होतं. बाबांनी मिठाची डबी म्हणजे बांध आणि दोन काटे म्हणजे उघाडी करून त्या मुलाला सगळं दाखवलं. भरतीचं पाणी उघाडीतून आत येतं, पाण्याबरोबर बोटाएवढी पिल्लं येतात. बोईट येतात, कोलंबी येते, जिताडा येतो. जिताडा बाकीच्यांना खातो आणि वाढतो. घरी पाहुणे आले की आजोबा पाग घेऊन निघायचे. बाबांनी त्या तळ्यातला शेवटचा जिताडा काढला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. नंतर तळं भरावाखाली गेलं. पैसे मिळाले, माझी फी गेली, फ्लॅट झाला. बाबा त्याबद्दल कधी कुरकुरत नाहीत. बोलतच नाहीत. त्या रात्री वीसेक मिनिटं बोलले.

घरी आल्यावर मी हवाईबद्दल वाचत बसलो आणि झोपायला दोन वाजले. कारण हवाईतही तीच तळी निघाली. किनाऱ्याला लागून दगडांची भिंत घालायची, भिंतीत लाकडी जाळीचं दार ठेवायचं. त्या दाराला म्हणतात ‘माकाहा’. पिल्लं फटीतून आत येतात, तळ्यात पोसतात आणि मोठी झाली की बाहेर जाऊ शकत नाहीत. तिथला मुख्य मासा ‘अमाअमा’, म्हणजे आपलं बोईट. अशी शेकडो तळी होती. मौनालुआचं तळं त्यांतलं फार मोठं. हेन्री कायझर या उद्योगपतीने 1960 च्या सुमारास तिथे गाळ उपसून आणि भराव घालून वसाहत आणि नौकांचा धक्का उभारायला घेतला. होनोलुलूच्या विमानतळाची एक धावपट्टी प्रवाळाच्या खडकावर भराव टाकून 1977 मध्ये पुरी झाली. आमच्याकडे नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं हलली, उलव्याची टेकडी सपाट झाली आणि नदीचा प्रवाह वळवला गेला. तिथून आता विमानं उडतात. उद्या मीही त्यातून जाईन.

सकाळी चहा घेताना बाबांना हे सांगितलं. ‘सगळी गेली?’ त्यांनी विचारलं. सगळी नाही. ओआहू बेटावर हेइया नावाचं जुनं तळं आहे. तिथले लोक ते पुन्हा बांधतायत. भिंतीत घुसलेली कांदळवनं तोडून काढतात आणि एकेक दगड परत रचतात. कांदळवन तिथलं नव्हेच, 1902 साली मळेवाल्यांनी बाहेरून आणून लावलेलं. हे ऐकून बाबांना हसू आवरेना. ‘आपल्याकडं हात लावला तर पोलीस येतील,’ ते म्हणाले.

मी फोनवर माकाहाचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, भिंत बघितली, मग फळ्यांमधल्या फटींवर थांबले. बराच वेळ बघत होते. आई आतून बाजाराची पिशवी घेऊन आली आणि ‘येताय का?’ म्हणाली, तरी उठले नाहीत.

‘बोटभर फट ठेवलीय,’ ते म्हणाले. ‘बरोबर हाय.’