घोडा का अडला?

घोडा का अडला, पाने का सडली आणि भाकरी का करपली, या जुन्या कूटप्रश्नाचे एकच उत्तर आपल्याला लहानपणी सांगितले जाते : न फिरवल्यामुळे. उत्तर चतुर आहे यात शंका नाही. पण पानांना आणि भाकरीला स्वतःचे काही म्हणणे नसते, घोड्याला असते. तो अडतो तेव्हा कदाचित त्याची पाठ दुखत असते, आणि ते सांगण्यासाठी त्याच्यापाशी अडण्यापलीकडे फारशी भाषा नसते.

हा प्रश्न माझ्या मनात पुन्हा जागा झाला तो टाचेच्या दुखण्यामुळे. वीसेक वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्यातला पट्टा कुरकुरू लागला आणि फिजिओथेरपिस्टबाईंनी ‘शॉक वेव्ह’ सुचवले. मराठी माणसाला ‘शॉक’ म्हटले की विजेची उघडी तार आठवते. प्रत्यक्षात या लहरींत वीज नाही, दाब आहे. ध्वनीचीच एक उग्र जात म्हणावी अशी. मी त्यांना मनातल्या मनात ‘आघात-लहरी’ म्हणू लागलो. बाई यंत्र लावता लावता सहज म्हणाल्या, “सर, रेसच्या घोड्यांच्या पाठीलासुद्धा हेच देतात.” भाषेच्या मास्तराला एवढे पुरते. घरी येऊन मी वाचत बसलो.

या उपचाराचे कूळ मोठे गमतीदार आहे. डॉर्निअर ही विमाने बनवणारी जर्मन कंपनी. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूला काय इजा होते, या अभ्यासातून आघात-लहरींकडे लक्ष गेले. आणि फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिक येथे त्या लहरींनी एका रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा, पोट न फाडता, फोडला गेला. पुढे हीच लहर सौम्य करून न जुळणारी हाडे, दुखरे स्नायुबंध यांच्याकडे वळवण्यात आली. 1990 च्या दशकात जर्मनीतच ती घोड्यांच्या पायांपर्यंत पोचली, आणि पायांवरून पाठीवर.

रेसच्या घोड्याची पाठ म्हणजे केवळ खोगिराची जागा नव्हे. साडेचारशे-पाचशे किलोंचा हा प्राणी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो तेव्हा मागच्या पायांचा सारा रेटा पाठीतून पुढे जातो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब स्नायू पसरलेले असतात. त्यांच्या खाली, मणक्यांना बिलगून, मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो, आणि कणा स्थिर ठेवण्याचे न दिसणारे काम तो करतो. पाठ दुखते ती पुष्कळदा दुसऱ्याच्या पापाने : मागचा पाय किंचित लंगडत असतो, किंवा मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना घासत असतात. स्नायू आखडतो तो बचावासाठी. म्हणजे जिथे दुखते तिथेच दुखण्याचे मूळ असेल असे नाही. (कवितेतल्या दुर्बोध ओळीबाबतही आम्ही मुलांना हेच सांगत असतो. असो.)

उपचार असा : आवश्यक तर केस भादरायचे, जेल चोपडायचे, आणि यंत्राचे टोक स्नायूवर टेकवून हजारभर किंवा त्याहून अधिक ठोके द्यायचे. फुप्फुसांच्या दिशेने लहर जाणार नाही याची काळजी घ्यायची, कारण हवा भरलेल्या अवयवाला तिने इजा होऊ शकते. साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने हे दोन-तीनदा करतात. ठोक्यांचा आवाज मोठा असतो आणि घोडा बुजरा; म्हणून बहुधा त्याला गुंगीचे औषध दिलेले असते.

इथे मी थबकलो. माझ्या टाचेवर ठोके पडत असताना बाई दर मिनिटाला विचारीत, “दहापैकी किती?” मी सात म्हटले की त्या जोर कमी करीत, चार म्हटले की वाढवीत. ‘थांबा’ म्हटले की थांबत. सारा उपचार माझ्या शब्दांवर चालला होता. दुसऱ्या खेपेनंतर दुखणे बरेच उतरले, तेव्हा त्यांनी बजावले, “बरे वाटते म्हणून लगेच पर्वती चढायला जाऊ नका. दुखणे आधी जाते, पट्टा मागाहून सुधारतो.” मी ऐकले, कारण ऐकणे माझ्या हाती होते. घोड्याला पर्वती चढायची की नाही हे दुसराच कोणी ठरवतो, आणि त्या दुसऱ्याचे पैसे लागलेले असतात.

वेदना आणि दुरुस्ती यांच्यातले हे अंतर कल्पित नव्हे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखीच्या घोड्यांना दोन-दोन आठवड्यांनी तीनदा या लहरी दिल्या. 56 दिवसांच्या अवधीत त्यांची पाठ अधिक दाब सोसू लागली. मल्टिफिडसचा आकार मात्र वाढला नाही. घोड्याच्या पायातल्या नसांवर केलेल्या आणखी एका प्रयोगात लहरी दिल्यावर संवेदना वाहून नेण्याचा वेग मंदावलेला आढळला. म्हणजे निरोप्यालाच थोडे बधिर केले जाते. यावरून उपचार फसवा ठरत नाही. दुखणे उतरले की व्यायाम शक्य होतो, आणि व्यायामाने तो खोल स्नायू भरतो. गाजराचे आमिष दाखवून घोड्याला मान बरगडीकडे, गुडघ्याकडे वळवायला लावायची, असला साधा व्यायाम महिनोन्‌महिने केल्यावर मल्टिफिडस वाढल्याचे मोजून दाखवले गेले आहे. ‘न फिरवल्यामुळे’ हे जुने उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते तर! पण गाजराला महिने लागतात, आणि पुढची शर्यत बहुधा त्याआधी असते.

मुक्या प्राण्याचे दुखणे वाचता येते का? येते, पण शिकावे लागते. सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यांनी 2018 मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या 24 वर्तनखुणांची सूची मांडली : मागे पडून तसेच राहिलेले कान, फटकारणारी शेपटी, उघडे तोंड, ताठरलेली नजर. आठ किंवा अधिक खुणा दिसल्या तर वेदना असण्याचा संभव मोठा. तिचा आधार शर्यतीचे नव्हे, इतर स्वारीचे घोडे होते. तरी मला ती सूची एखाद्या व्याकरणासारखी वाटली. यातल्या कितीतरी खुणांना आजवर ‘खोड’ म्हटले गेले आहे. खोड म्हटले की चाबूक येतो. वाक्य म्हटले की ऐकावे लागते.

उपचाराने या खुणा मावळल्या तर वाचायचे काय, ही अडचण मग नियम करणाऱ्यांनाही भेडसावते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेआधीच्या पाच दिवसांत ही लहर देता येत नाही. अमेरिकेत 2022 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा-नियमांनी उपचारानंतर तीस दिवस घोड्याला शर्यतीत उतरवण्यास मनाई केली आहे. बधिर पाठीने धावणारा घोडा स्वतःला आवरत नाही. तो पडला तर स्वारही पडतो.

नियमाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. औषध दिले तर त्याचा अवशेष रक्तात, लघवीत शोधता येतो. ठोक्याचा तसा अवशेष राहत नाही. केस पुन्हा उगवतात, जेल पुसले जाते. कोणत्या तारखेला, कोणत्या पाठीवर, किती ठोके दिले, हे वैद्याने नोंदवहीत लिहिले असेल तरच कळते, आणि तीस दिवस त्या लिहिलेल्या तारखेपासून मोजले जातात.