मामा तलावाच्या पाळीवर

भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला महामार्ग सोडला आणि नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो, तेव्हा श्रावण सरत आला होता. रोवणी आटोपली होती, बांध्यांमध्ये धान हिरवागार उभा होता. इथे गाव आलं की तलाव येतोच. मित्राचं गाव पुढे अर्जुनी मोरगाव तालुक्यात. तो ढिवराच्या घरचा. मासेमारी त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बरेच दिवस तो बोलावत होता, ‘गळ टाकायला ये.’

सकाळी आम्ही पाळीवर पोहोचलो. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाळ राखणारे, गाळ काढणारे हात हळूहळू दूर झाले. पाण्याचे मालक बदलले, पण पाण्यावर पोट असणारे ढिवर तिथेच राहिले.

मित्राने पाळीखालच्या ओल्या मातीतून गांडुळं काढली, बांबूच्या काठीला दोरा बांधला आणि जागा निवडली. मोकळं पाणी सोडून तो पाणवनस्पतींच्या कडेला बसला. मासा तिथेच खातो, तिथेच लपतो आणि अंडीही तिथेच घालतो, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पहिली शिंगी लागली, तेव्हा त्याने ती जाड फडक्यात धरली. तिच्या कल्ल्यांमागचे काटे विषारी असतात. एक टोचला तरी हात ठणकत राहतो.

ऊन चढल्यावर काठाजवळचं पाणी थरथरलं. बारीक लालसर पिल्लांचा पुंजका वर येत होता, श्वास घेऊन पुन्हा खाली जात होता. त्यांच्याखाली गडद, लांबट सावली फिरत होती. ती मरळ होती. मी गळ तिकडे वळवला, तशी मित्राने काठी धरली.

“थांब गा, थो पिल्लं राखून रायला. मोठा गेला तं पिल्लं कोन राखन?”

मरळीची जोडी पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्यासोबत राहते. पालक पकडला गेला की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. आम्ही गळ गुंडाळले आणि सांडव्याच्या बाजूला गेलो.

तिथे पाण्याच्या कडेला बेशरमची झुडपं माजली होती. ती पसरली की खालच्या वनस्पती मरतात आणि देशी मासे हटतात. त्यांच्या जागी रोहू, कटला सोडतात. पण हे नदीतले मासे, साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून बीज विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी, मांगूर मात्र तलावातच वाढतात आणि त्यांना बाजारात भावही चांगला मिळतो. याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढिवरांसोबत काम केलं. गावच्या बायकांनी बेशरम उपटली, तलावाच्या तळाशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परतू लागले. मित्राच्या गावानेही आता बेशरम काढायचं ठरवलं आहे.

दुपारी त्याच्या घरी चुलीवर शिंगीचा रस्सा झाला, सोबत भात. काकींनी आग्रह करकरून वाढलं. त्या दिवशी ताटात जे आलं, ते तलावाला झेपेल एवढंच होतं, आणि मला तीच खरी मासेमारी वाटते.

तुम्हीही गावच्या तलावावर गळ घेऊन जाल, तेव्हा आधी तिथल्या ढिवरांना विचारा. बहुतेक तलाव त्यांच्या सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर गळ वर घ्या. पुढच्या वर्षीचा मासा तुमच्या त्या संयमावर अवलंबून आहे.