मशालीचा उजेड

दिवाळीची सुट्टी लागली, की साताऱ्यातील आमच्या गल्लीत दगड, विटा आणि जुनी पोती गोळा होऊ लागत. त्यांवर लाल मातीचा चिखल लिंपून किल्ला उभा राही, उतारावर मोहरी पेरली जाई आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर पहाऱ्याला उभे राहत. १९८१ साली मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी शाळेने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक सकाळी येणार होते. माझ्या मनात मात्र रात्रीचा किल्ला होता. महादरवाजात मशालवाला उभा आहे आणि त्याच्या मशालीचा उजेड भोवती पडला आहे, असे दृश्य मला हवे होते.

बोटभर उंचीच्या एका मावळ्याच्या हाती मी काडी दिली, तिच्या टोकाला मातीची ज्योत बसवली आणि उजेड दिसावा म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत पिवळा रंग फासला. तो मशालवाला न दिसता हळद लागलेला नवरदेव दिसू लागला.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर सातवीनंतर त्याने शाळा सोडली आणि तो दुकानांच्या पाट्या रंगवण्याच्या कामाला जाऊ लागला. त्याच्या मजुरीवर घर चाले, माझी वह्या-पुस्तकेही त्यातूनच येत. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याने तो मावळा हातात घेतला आणि हसून म्हणाला, “मशाल पेटली खरी, पण हा तर भर दुपारी उभा आहे. आधी रात्र कर.” त्याने निळ्यात काळा रंग मिसळला आणि मावळ्याला सगळीकडून काळवंडून टाकले. मला रडू कोसळले.

मग त्याने स्वयंपाकघरातील दिवा मालवला, एक पणती लावली आणि न रंगवलेला दुसरा मावळा तिच्याजवळ धरला. “ज्योतीला डोळे आहेत असे समज. तिला जेवढे दिसते, तेवढ्यावरच उजेड पडतो.” मी निरखून पाहिले. मावळ्याच्या हनुवटीची खालची बाजू, नाकाची एकच कड, छातीची एक बाजू आणि उचललेल्या हाताची आतली बाजू उजळली होती. पागोट्याची मागची बाजू अंधारातच होती. दादाने पणती थोडी दूर नेली, तशी ती कड झपाट्याने मंदावली. अंतर दुप्पट झाले, की उजेड एक चतुर्थांश उरतो, हे मी पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचले. पाहिले होते ते त्या रात्री.

रंगकाम त्याने माझ्याकडूनच करून घेतले. कुंचला फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. आधी तांबूस तपकिरी रंग, त्याच्या आत थोड्या जागेत नारिंगी, त्याहून थोड्या जागेत पिवळा. मावळ्याचा चेहरा अधिक उजळावा म्हणून मी पांढऱ्या रंगाकडे हात नेला, तेव्हा त्याने मला थांबवले. “पांढरा फक्त ज्योतीच्या पोटात. चेहरा ज्योतीहून उजळ झाला, तर मशाल विझलीच म्हणून समज.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या लख्ख प्रकाशातही आमच्या महादरवाजात रात्र होती आणि त्या रात्रीत मशाल तेवत होती.

परीक्षक गुरुजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “हा उजेड दाखवायला कोणी शिकवले?” माझ्या वर्गातल्या मुली भोवती उभ्या होत्या. दादा कामावर निघाला होता. रंगाने माखलेल्या सदऱ्यात, हातात डबा घेऊन तो दाराशीच होता. मी म्हणाले, “कोणी नाही. माझे मीच शिकले.” दादा काही बोलला नाही. डबा घेऊन तो निघून गेला. बक्षीस म्हणून मिळालेली दोनशे पानी वही मी त्याला देऊन टाकली. तो तिच्यात कामाचे हिशेब लिहू लागला आणि एवढ्याने सारे फिटले, अशी मी मनाची समजूत घातली.

२०११ साली आम्ही दोघे म्हैसूरला गेलो. तेथील जगन्मोहन राजवाड्यात सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे १९४५-४६ च्या सुमारास काढलेले दिवा हाती धरलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. जलरंगातले ते चित्र पाहताना दिव्याची ऊब जाणवते. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटे लालसर झाली आहेत, चेहरा सौम्य उजळला आहे आणि बाकी सारे अंधारात विरले आहे. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला सांगितले, की हे चित्र राजा रविवर्मा यांचे. हा समज पुष्कळांचा असतो. दादा वळला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत, पण ठामपणे त्याने त्यांना हळदणकरांचे नाव सांगितले.

मला तीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. कधी न पाहिलेल्या चित्रकाराचे नाव चुकू नये म्हणून बोलणारा दादा स्वतःच्या वेळी मात्र गप्प राहिला होता. मी म्हणाले, “दादा, तो उजेड तू शिकवलास, हे मी तेव्हा सांगायला हवे होते.”

तो चित्रावरची नजर न काढता म्हणाला, “रंगवला तूच होतास की. मी फक्त पणती धरली होती.”

आता त्याचा नातू किल्ला करतो. महादरवाजातला मशालवाला मी रंगवते आणि पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने विचारण्याआधीच, तो उजेड मला कोणी शिकवला ते सांगते.