दहा फुटांवरची कडी

बास्केटबॉलची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते. 1891 च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत हा खेळ काढला, तेव्हा पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून कडीही दहा फुटांवर. त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही. इमारतीच्या एका मापावर पुढे किती पोरांची आयुष्यं टांगली गेली!

त्यातलाच एक अर्ल मॅनिगॉल्ट. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला, उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या खेळात बुटकाच. पण उडी अशी की कडीमागच्या फळ्याच्या माथ्यावर ठेवलेलं नाणं तो हवेतून उचलून आणायचा, अशी दंतकथा पसरली. मला ती खरी वाटत नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून पाहणारे दरवर्षी फळा थोडा उंच करतात. मात्र 1989 मध्ये निवृत्त होताना करीम अब्दुल-जब्बार यांनी आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांतला सर्वश्रेष्ठ म्हणून त्याचं नाव घेतलं, हे दंतकथेत मोडत नाही.

हा माणूस व्यावसायिक संघातून एकही सामना खेळला नाही. हेरॉइन, मग तुरुंग. सुटल्यावर युटा स्टार्सने चाचणीला बोलावलं, तोवर पायातली स्प्रिंग गेलेली. तो आपल्या वस्तीतल्या मैदानावर परत आला, मुलांसाठी अमली पदार्थांविरुद्धची स्पर्धा भरवू लागला, त्यांना खेळ शिकवू लागला. 1998 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, हृदय थकून तो गेला.

ही गोष्ट सांगणारे ती बहुधा आख्यानासारखी लावतात: आधी बिघडला, मग सुधारला, मग इतरांना सुधारलं. घडलं तसं नाही. मुलांसाठी स्पर्धा सुरू केल्यानंतरही तो पुन्हा आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. म्हणजे मुलांना जपणारा हा माणूस स्वतः पुरता सावरलेला नव्हता. मला तो याच कारणाने जवळचा वाटतो. शिकवायला आधी स्वतः नितळ व्हावं लागतं, ही अट आपण घालतो. शिकणाऱ्या पोरांनी ती कधी घातलेली दिसत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा मुंबईच्या नागपाड्यात सापडतो. कामाठीपुऱ्याला खेटून असलेली ही दाटीची वस्ती. 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने इथे नेबरहूड हाउस उभारलं. 1936 साली समाजकार्य शिकवणारी जी संस्था सुरू झाली, जिला आज आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो, तिचे पहिले संचालकही तेच. त्याच गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला. बच्चूखान यांनी पोरांच्या पिढ्या घडवल्या, त्यांच्या नावाचं पालिकेचं मैदान आजही तिथे आहे. तिथूनच अब्बास मुंतसिर वर आले, भारताचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कार मुंतसिरांच्या नावावर लागला. बच्चूखानांच्या हाताखालून गेलेली आणि कुठलाही पुरस्कार न मिळालेली बाकीची पोरं, जी नुसतीच संध्याकाळी गल्लीऐवजी मैदानावर असायची, त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ठेवताही येत नाही. न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कुठल्या ठाण्यात होणार?

आमच्या गावी, रिठदला बसून नागपाड्याचा विचार करताना एक उलटंच चित्र दिसतं. तिथे जागेची मारामार. इथे सोयाबीन निघालं की नजर जाईल तिथवर मोकळं रान. पण रान म्हणजे मैदान नव्हे. रोज ठरल्या वेळी एखादा माणूस तिथे येऊन उभा राहिला, तर त्याचं मैदान होतं.

आणि असा माणूस आता गावोगाव उभा आहे, फक्त आपण त्याला खेळाडूंत धरत नाही. पहाटे रस्त्याने पळणारी पोरं पोलीस भरतीची असतात. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक, मिळून 50 गुण. त्याआधी छाती आणि 165 सेंटिमीटर उंची. नेस्मिथच्या सज्जासारखंच हेही एक माप, कुणीतरी ठरवलेलं. त्यांना पळवणारा बहुधा असाच असतो, ज्याची स्वतःची भरती हुकली: कुणाची गोळ्यात, कुणाची लेखीत, कुणाची वय निघून गेल्यामुळे. तालुक्याच्या अकॅडमीत फी घेऊन शिकवणारे वेगळे. मी म्हणतो तो सकाळी पोरं पळवतो आणि मग मजुरीला किंवा वावरात जातो.

आमच्याकडच्या अशाच एकाला विचारलं, तुझं झालं नाही, मग त्याच रस्त्यावर रोज उभं राहायला जड जात नाही का? प्रश्न बरा नव्हता, पण त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

"जड जाते ना, काहून नाही जाणार! पण शेवटच्या चक्कराले पोरगं कुठी ढिलं पडते, थे मले पक्कं मालूम हाये. मी तिथंच ढिला पडलो होतो. म्हून मी तिथंच उभा राह्यतो."

त्याच्या हाताखालची काही पोरं वर्दीत गेली. गावात पेढे वाटले गेले, बॅनर लागले, त्यावर आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचे फोटो होते. याचा नव्हता. त्याने बॅनर बांधायला मात्र मदत केली, शिडी त्याच्याच घरची होती.