परदेशांतील पहिली कमाई

मी या शाळेचा एक माजी विद्यार्थी. “मुलांना उपयोगी पडेल असें कांहीं लिहा,” अशी संपादक महाशयांनीं आज्ञा केली, तेव्हां माझ्या मनांत एकच विषय आला. परदेशाहून मी गव्हाणला परत आल्यापासून गांवांतील मुलें व त्यांचे पालक मला पुनः पुनः एकच प्रश्न विचारतात : “तिकडे शिकतां शिकतां काम करून खर्च भागतो काय?” या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ इतकें सोपें नाहीं. तें मला कसें मिळालें, हें येथें सांगतों. आणि सांगतांना माझी एक चूकही झांकून ठेवीत नाहीं.

आमचें घराणें मिठागराचें. आजोबा खाडीकांठच्या मिठागरांत उन्हाळाभर राबत आणि पावसाळ्यांत भात लावीत. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठीं पनवेल व उरण तालुक्यांतील जमिनी घेतल्या गेल्या, आणि शेतीवर जगणाऱ्या घरांना दुसरा धंदा शोधावा लागला. योग्य मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जो लढा झाला, त्यांत पांच जणांनीं प्राण वेंचले. ती हकीकत ऐकतच आमची पिढी वाढली. माझे बाबा बंदराकडे मालमोटार चालवितात. मुलानें शिकावें, एवढीच त्यांची इच्छा. २०२४ च्या सप्टेंबरांत मी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका विद्यापीठांत एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं निघालों, तेव्हां बँकेचें कर्ज डोक्यावर होतें आणि आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या.

तेथें एकदां पाय ठेवला म्हणजे कर्ज आपोआप फिटूं लागेल, असा माझा समज होता. तो किती भोळा होता, हें हिशेबानें कळलें. ब्रिटिश सरकार व्हिसा देण्यापूर्वींच निर्वाहाचा पैसा दाखवावयास सांगतें. त्या वेळीं लंडनबाहेर शिकणाऱ्यास दरमहा १,०२३ पौंड याप्रमाणें नऊ महिन्यांचे ९,२०७ पौंड खात्यांत सलग २८ दिवस असावे लागत, शिक्षणशुल्क निराळें. याचा अर्थ उघड आहे : विद्यार्थ्यानें नोकरीच्या आशेवर येऊं नये. पदवीच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास २० तासच काम करतां येतें, आणि आठवडा सोमवारपासून रविवारपर्यंत मोजतात. एका आठवड्यांत १० व दुसऱ्यांत ३०, अशी सरासरी चालत नाहीं. स्वतःचा धंदाही करतां येत नाहीं. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा उन्हाळा प्रबंधलेखनाचा असल्यामुळें तोही सुटीचा धरीत नाहींत. त्या वर्षीं २१ वर्षें पूर्ण झालेल्या कामकऱ्यास तासाला कमींत कमी ११.४४ पौंड मिळत. वीस तासांचे २२८ पौंड ८० पेन्स झाले. काटकसरीनें राहणाऱ्यास खोलीचें भाडें व जेवण त्यांतून निघतें. विद्यापीठाचें शुल्क निघत नाहीं, आणि कर्ज तर नाहींच नाहीं.

मला काम मिळालें तें एका उपाहारगृहांत भांडीं घासण्याचें. संध्याकाळीं सहा वाजतां मोरीपाशीं उभें राहावयाचें, आणि मध्यरात्र होईपर्यंत पाठ सरळ करावयाची नाहीं. करपलेलीं पातेलीं, चरबीनें माखलेल्या थाळ्या, ऊन ऊन पाण्याची वाफ. आणि बाहेर पडलें कीं हाडांत शिरणारी थंडी. आठ दिवसांतच माझ्या बोटांना भेगा पडल्या. परंतु त्या भेगांपेक्षां मनाचें दुखणें अधिक होतें. घरीं मी स्वतःचें ताटही कधीं उचललें नव्हतें. तो मी परक्यांचीं उष्टीं काढतों, हें आईबाबांस कळलें तर त्यांस काय वाटेल? म्हणून मीं त्यांस सांगितलें, कीं मला विद्यापीठाच्या ग्रंथालयांत काम मिळालें आहे. आईनें ही गोष्ट सगळ्या आळींत अभिमानानें सांगितली.

एक असत्य दुसऱ्यास बोलावतें. नाताळच्या सुमारास उपाहारगृहांत गर्दी वाढली. एके रात्रीं मालक मला म्हणाला, “तुला पैशाची गरज आहे ना? कागदावर वीस तास लिहूं. वरचे पैसे रोख देईन.” भाड्याचा दिवस जवळ आला होता. मीं मान डोलाविली. त्या आठवड्यांत मी ३१ तास काम केलें. रविवारीं मध्यरात्रीं खिशांत रोख नोटा घेऊन मी घरीं आलों आणि अंगांतील कपड्यांनिशींच झोपलों. सोमवारीं सकाळीं नऊ वाजतां परीक्षा होती. मी जागा झालों तेव्हां साडेअकरा वाजले होते.

परीक्षा बुडाली, तिच्यापेक्षांही मोठी भीति निराळीच होती. नियम मोडल्याचें उघडकीस आलें तर व्हिसा रद्द होऊं शकतो, हें मला ठाऊक होतें. तसें झालें असतें तर बँकेचें कर्ज राहिलें असतें, आईच्या बांगड्या गेल्या असत्या आणि पदवीही हातीं लागली नसती. दारांत टपाल पडलें कीं माझ्या छातींत धस्स होई. ज्या नोटांसाठीं हें केलें, त्या मला मोजवेनात.

त्याच आठवड्यांत भ्रमणध्वनीवर एकमेकांचीं तोंडें पाहत आम्ही बोलत होतों. बोलतां बोलतां मीं केस मागें सारले आणि बाबांची नजर माझ्या बोटांवर पडली.

“हाताला काय झाला रं?”

“थंडीनें,” मी म्हणालों.

बाबा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “ग्रंथालयान् थंडी लागते?”

मला पुढें असत्य बोलवलें नाहीं. भांडीं, रोख पैसे, बुडालेली परीक्षा, सर्व मीं एका दमांत सांगितलें. आई डोळ्यांना पदर लावून उठून गेली. बाबा मात्र शांतपणें म्हणाले, “तुझ्या आजाचे पाय मिठानं फाटले व्हते, त्यानं कधी लपविले नाय. भांडी घासलीस त्याची लाज नाय, बाला. खोटा बोललास त्याची हाय. आणि परवाना नसताना गाडी किती लांब नेशील?”

दुसऱ्या दिवशीं मीं मालकास सांगितलें, कीं वीस तासांवर एक मिनिटही करणार नाहीं. त्यानें पुढच्या आठवड्यापासून मला बोलावलें नाहीं. तीन आठवडे मी वरणभातावर काढले. प्राध्यापकांस भेटून परीक्षा कां बुडाली तें मीं खरें सांगितलें. त्यांनीं रागें न भरतां पुनः परीक्षेस बसण्याची वाट दाखविली आणि विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या कचेरींत पाठविलें. तेथूनच कांहीं दिवसांनीं मला खरोखर विद्यापीठाच्या ग्रंथालयांत काम मिळालें. पुस्तकें जागच्या जागीं लावावयाचीं, आठवड्यास बारा तास. आईचें बोलणें अखेर खरें झालें, परंतु तें खरें करतांना मला किती फिरून यावें लागलें!

त्या रिकाम्या आठवड्यांत मी आपल्याकडील थोरांचीं चरित्रें वाचीत असें. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडास गेल्या, आणि पुढील वर्षापासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत स्वतः शिकत असतांनाच संस्कृत शिकवूं लागल्या. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनीं अमेरिकेंत मिळेल ती मजुरी करून शेतकीचें शिक्षण घेतलें; पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें व मक्यावर मोलाचें संशोधन केलें. डॉ. आंबेडकरांचें लंडनमधील शिक्षण पैशाअभावीं अर्धवट राहिलें, तेव्हां त्यांनीं मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसा सांठविला, छत्रपती शाहू महाराजांचेंही साहाय्य घेतलें, आणि १९२० मध्यें ते पुनः लंडनला गेले. आधीं कमवून मग जाणें हाही एक मार्ग आहे, हें आपण विसरतों. आणि परदेश कशाला? १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’ योजनेंत आपल्या महाराष्ट्रांतील किती तरी मुलें शेतांत राबून शिकलीं. यांपैकीं कोणासही कष्टाची लाज वाटली नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं जे परदेशीं जातील त्यांनीं त्या त्या देशाचा नियम आधीं नीट वाचावा. अमेरिकेंत सत्र चालू असतां विद्यापीठाच्या आवारांतच आठवड्यास २० तास काम करतां येतें. कानडांत नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर २४ तासांची मर्यादा झाली. ऑस्ट्रेलियांत जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास आहेत. जर्मनींत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. हे आंकडे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वीं त्या सरकारचा ताजा नियम पाहावा. दलालाच्या शब्दावर विसंबूं नये. कामाच्या कमाईनें जेवण निघतें, शुल्क नव्हे, हें मात्र कधीं विसरूं नका.

आणि पालकांनीं रागावूं नये, पण त्यांसही एक विनंति आहे. मुलगा दूरदेशीं असतां “किती मिळवितोस?” याआधीं “कसा आहेस, काय काम करतोस?” असें विचारावें. त्यास खरें सांगावयाची भीति वाटणार नाहीं, असें घर त्याच्या पाठीशीं असूं द्यावें. माझें भाग्य असें, कीं माझ्या बाबांनीं माझे हात पाहिले.

२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं आहेत. विमान दिसलें कीं आमच्या आळींतील मुलें खेळ थांबवून वर पाहतात. त्यांतून जाणारे उद्यां तुम्हीच असाल. मी आतां येथेंच नोकरी करतों. कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि आईच्या दोन बांगड्या अद्याप सोडवावयाच्या आहेत. पण रात्रीं जेवण झालें म्हणजे घरांतील सर्वांचीं ताटें मी घासतों. पहिल्या दिवशीं आईनें हात धरला. आतां ती हंसते आणि जागा करून देते.