काचेवरची बोटे

नाट्यगृहातील शेवटच्या रांगेमागे तो ध्वनिनियोजक तीस वर्षे बसत आला होता. बोटे फेडरच्या सरकत्या खुंट्यांवर आणि डोळे रंगमंचावर! नटाने श्वास घेतला, की खुंटी आपसूक वर सरके.

२०१२ साली मॅकी कंपनीने १६ वाहिन्यांचा, एकही फेडर नसलेला मिक्सर काढला. आवाज चढवायचा तो आयपॅडच्या काचेवर. पुढे तसलेच एक यंत्र त्याच्यापुढे आले. काच बिचारी सर्वत्र सारखीच गुळगुळीत! कोणत्या बोटाखाली कोणाचा आवाज आहे, हे स्पर्शाला उमगेना.

एका प्रयोगात नायिकेच्या स्वगतातच शीळ उठली. कर्ण्यातला स्वर पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून वाढत जातो, त्याची ही शीळ. त्याच्या कानाने तिची पट्टी ओळखली : २,५०० हर्ट्झच्या आसपास. आलेखावरील टिंब त्याने त्या जागी नेऊन खाली ओढले, दोन बोटांच्या चिमटीने दरी अरुंद केली. शीळ विरली, नायिकेच्या आवाजाला धक्काही लागला नाही. पूर्वी याच कामासाठी तीन नॉब फिरवावे लागत, हे त्याने मनोमन मान्य केले.

त्याने मान वर केली, तेव्हा नायिका विंगेत गेली होती.